मीटरचे कापड आणि उरलेले कातरण: नागपूरच्या ऋतूंना साजेसा, बेताच्या खर्चाचा साज

नागपुरात कपड्यांवरचा बराचसा पैसा चुकीच्या महिन्यात खर्च होतो. एप्रिलच्या अखेरीस ऊन अंगावर येऊ लागले की सुती कुर्ते आणि स्कार्फ घ्यायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, झुंबड उडते, आणि डिसेंबरात पहाटे दात वाजू लागले की स्वेटरची आठवण होते. अशा वेळी विक्रेत्याने भाव उतरवावा असे कोणतेच कारण उरलेले नसते. याउलट येणाऱ्या ऋतूच्या दीड-दोन महिने आधी कापड मीटरवर घेऊन ठेवले, ते ओळखीच्या शिंप्याकडून किंवा घरच्या मशीनवर सवडीने शिवून घेतले आणि उरलेल्या कातरणातून केसांचे बंद, बांगड्या व कानातले केले, तर तयार कपड्यांच्या एका खरेदीच्या खर्चात दोन ऋतूंची सोय होते. पैसा कापडाच्या पोतावर घालावा आणि सजावट हाताने करावी, एवढाच या मार्गदर्शनामागचा हिशेब आहे. त्यासाठी वर्ष जानेवारीपासून न मोजता पळस फुलतो तेव्हापासून मोजणे सोयीचे जाते.

कापड निवडताना

इतवारी आणि गांधीबाग हा शहरातला कापडाचा जुना ठोक बाजार आहे, तर सीताबर्डीत चिल्लर खरेदी अधिक चालते. एका घरापुरते कापड घ्यायचे असेल तर ठोक दुकानाच्या मागे लागण्यापेक्षा दोन-तीन घरांनी मिळून खरेदी करावी, किंवा कटपीस विकणाऱ्या दुकानांत फेरी मारावी. ताक्याच्या शेवटी उरलेला दीड-दोन मीटरचा तुकडा दुकानदाराला अडचणीचा असतो आणि आपल्याला नेमका कुर्त्यापुरता पुरतो. मात्र कटपीस दुकानातच पूर्ण उलगडून उजेडासमोर धरून पाहावा, कारण विणीतले तुटलेले धागे, डाग किंवा घडीवर उतरलेला रंग घरी आल्यावर दिसला तर तो बदलून मिळण्याची आशा फारशी नसते.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी ज्या गावात सुरू झाली, त्या गावच्या लोकांना सुती कापडाची पारख शिकवणे खरे तर आगाऊपणाचे आहे. पण आज सुती म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडांत पॉलिस्टरची भेसळ इतकी असते की परीक्षा करूनच घ्यावी लागते. कापडाच्या कडेचा उभा एक आणि आडवा एक असे दोन धागे ओढून घरी ते काडीने जाळावेत. सुती धागा कागदासारखा भरभर जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मागे बोटाने चुरगळणारी मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसते, वितळते आणि टोकाशी कडक काळा मणी बनतो. दोन्ही धागे तपासण्याचे कारण असे की, मिश्र कापडात पुष्कळदा एकाच दिशेचा धागा कृत्रिम असतो. मे महिन्यात अंगावर घालायच्या कापडाबाबत ही परीक्षा टाळू नये.

उन्हाळ्यासाठी मलमल घ्यायची असेल तर 44 इंच पन्ह्याची (रुंदीची) सहा मीटर मलमल एका व्यक्तीला पुरते: अडीच मीटरचा दुपट्टा, अडीच मीटरचा सैल कुर्ता आणि उरलेल्या मीटरभरात पुढे सांगितलेल्या सगळ्या लहान वस्तू. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, तेव्हा शिंप्याकडे नेण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून, खळ काढून, वाळवून घ्यावे. शिवल्यावर आटलेल्या कुर्त्याची बाही पुन्हा लांब करता येत नाही.

पळसाचा रंग

फेब्रुवारी-मार्चमध्ये शहराबाहेर पडताच शेतांच्या धुऱ्यांवर पळस पेटलेला दिसतो. या फुलांचा रंग आपल्याकडे होळीच्या पाण्यात वाया जातो, पण थोडे श्रम घेतले तर त्याच फुलांत मलमल उत्तम रंगते. फांद्या ओरबाडण्याची गरज नाही. सकाळी झाडाखाली पडलेली ताजी फुले पुरेशी असतात. ती सावलीत वाळवून ठेवली तर काम सवडीने करता येते.

नवशिक्यांचा रंग बहुधा एकाच ठिकाणी फसतो: फुले उकळायची, कापड बुडवायचे आणि संपले, असे समजल्याने पहिल्याच धुण्यात सारा रंग निघून जातो. सुताला वनस्पतीचा रंग आपण होऊन धरत नाही. त्याला आधी हिरड्यातील तुरट द्रव्य आणि मग तुरटी असे दोन थर द्यावे लागतात. तुरटी रंगाला धरून ठेवते आणि हिरडा तुरटीला. म्हणून प्रथम कोरड्या कापडाचे वजन करावे, कारण पुढची सगळी मापे त्यावरच अवलंबून आहेत. कापड 200 ग्रॅम असेल तर 40 ग्रॅम हिरड्याची पूड, 30 ग्रॅम तुरटी आणि किमान 200 ग्रॅम सुकी फुले घ्यावीत. गडद छटा हवी असल्यास फुले दुप्पट करावीत. हिरडा आणि तुरटी दोन्ही जडीबुटीच्या दुकानात सहज मिळतात.

हिरड्याची पूड गरम पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्या पाण्यात खळ काढलेले ओले कापड पाच-सहा तास ठेवावे. नंतर न धुता हलक्या हाताने पिळून वाळवावे. कापडावर फिकट पिवळट झाक आली की हिरडा लागला असे समजावे. दुसऱ्या दिवशी तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, पाणी कोमट झाल्यावर त्यात कापड दोन-तीन तास बुडवून ठेवावे आणि मग साध्या पाण्यातून एकदाच काढावे. रंगासाठी फुले रात्रभर भिजवून त्याच पाण्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास तापवावीत, खळखळून उकळू देऊ नयेत, आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून पाणी गाळून घ्यावे. कापड या पाण्यात घालून पुन्हा मंद आचेवर पाऊण तास ठेवावे आणि तेवढा वेळ लाकडी काठीने ते सारखे हलवत राहावे. कापड एका जागी घडी घालून बसले की तिथे हमखास डाग पडतो. भांडे शेवटी तसेच थंड होऊ द्यावे.

भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडी कढईत किंवा गंजलेल्या बादलीत हे काम केले तर हिरड्याच्या संगतीने लोह काळवंडते आणि पिवळ्याऐवजी मळकट राखाडी कापड हाती येते. पळसाचा रंग क्षाराला फार लवकर जुमानतो: पाण्यात चिमूटभर खाण्याचा चुना पडला तरी पिवळा रंग नारिंगीकडे झुकतो. ही गोष्ट मुद्दाम वापरता येते, पण हेच कापड पुढे धुण्याच्या सोड्यात किंवा तिखट पावडरीत टाकले की छटा आपल्या मनाविरुद्ध बदलते. त्यामुळे असे कापड रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य शांपूत धुवावे आणि सावलीतच वाळवावे. उन्हात हा रंग लवकर विटतो. म्हणून पळसाचा दुपट्टा भर दुपारी डोक्याला गुंडाळण्यासाठी नाही, तर संध्याकाळच्या लग्नासाठी किंवा घरगुती समारंभासाठी राखून ठेवावा.

नवतपा आणि स्कार्फ

मेच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो तेव्हा पारा 45 अंशांच्या घरात असतो आणि दुचाकीवरून जाणाऱ्या मुलींचे फक्त डोळे दिसतात. या वेषाला बाहेरगावचे लोक हसतात, पण त्यात काही चूक नाही. चूक असते ती कापडाच्या निवडीत. पातळ पांढरी मलमल हवेशीर असते, पण तिच्यातून ऊन बऱ्यापैकी आत येते. स्कार्फ खिडकीसमोर ताणून धरावा आणि मागे हात ठेवावा. बोटांची आकृती स्पष्ट दिसली तर तो दुहेरी घडी करूनच वापरावा किंवा घट्ट विणीचे, मध्यम-गडद रंगाचे सुती कापड निवडावे. अंगावर घालायच्या सनकोटालाही हीच कसोटी लावावी. तयार सनकोटात बहुतेकदा बाही मनगटाशी संपते आणि हाताची पाठ मात्र उघडी राहते, म्हणून शिवून घेताना बाही पाच-सहा सेंटीमीटर जास्त ठेवून अंगठ्यासाठी एक काज काढून घ्यावे. मग हातमोजे वेगळे घ्यावे लागत नाहीत.

हेल्मेटखाली स्कार्फ बांधताना मागे गाठ मारू नये. गाठीमुळे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही आणि त्याचा उपयोग कमी होतो. कापड कपाळावरून सपाट मागे नेऊन, मानेवरून फिरवून टोके समोर सनकोटाच्या गळ्यात खोचावीत. लोंबते टोक गाडीच्या चाकात अडकण्याचा धोका खरा आहे, तेवढ्यासाठी तरी दुपट्टा आणि स्कार्फ ही दोन वेगळी वस्त्रे मानावीत.

चेहऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. उन्हापासून बचाव करणारे मलम घरी बनवता येत नाही. खोबरेल तेल, कोरफड किंवा गाजराच्या बियांचे तेल यांपैकी काहीही बाजारातल्या सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही, म्हणून प्रसाधनांच्या यादीत खर्च करायची एकच वस्तू असेल तर ती ही: एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक, चेहरा आणि मानेसाठी तर्जनी व मधल्या बोटावर लांबीभर ओढलेल्या दोन रेघांइतके, आणि बाहेर असल्यास दर दोन तासांनी पुन्हा. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाणे तर घातकच आहे, कारण लिंबातील काही द्रव्ये उन्हाशी मिळून त्वचा भाजल्यासारखी करतात आणि तो काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. मुलतानी माती तेलकट त्वचेला मे महिन्यात बरी वाटते. लेप पूर्ण कडकडीत वाळण्याआधी, थोडा ओलसर असतानाच धुवावा.

कातरणाचे दागिने

उन्हाळ्यात कापडी दागिन्यांची खरी सोय कळते. पितळ आणि तांब्याच्या मुलाम्याचा हार घामाशी भिडला की मानेवर हिरवी रेघ उमटते आणि स्वस्त धातूतील निकेलमुळे अनेकींचे कान खाजतात. कापडी कानातले वजनाला काहीच नसते; फक्त त्याची आकडी स्टीलची घ्यावी. ती इतवारीत दागिन्यांचे सुटे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते आणि तयार जोडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

कानातल्याचा गाभा पुठ्ठ्याचा करण्याची पद्धत आहे, पण घामाने पुठ्ठा मऊ पडून वाकतो. त्याऐवजी श्रीखंडाच्या किंवा मिठाईच्या प्लास्टिक डब्याचे झाकण घेऊन त्यातून तीन सेंटीमीटर व्यासाच्या चकत्या कापाव्यात. कापडाची चकती पाच सेंटीमीटरची घ्यावी, तिच्या कडेने बारीक धावदोरा घालावा, मध्ये प्लास्टिकची चकती ठेवून दोरा ओढावा. कापड मागे चुण्या घेऊन घट्ट बसते. मागची बाजू झाकण्यासाठी त्याच कापडाची थोडी लहान चकती कडा आत दुमडून तुरपाईने जोडावी. फेव्हिकॉलने चिकटवले तर काम लवकर होते, पण पातळ मलमलीवर गोंदाचा डाग आरपार दिसतो आणि पावसाळ्यात कडा सुटते, तेव्हा सुई-दोराच बरा. वरच्या टोकाशी कडी शिवून आकडी अडकवली की झाले.

बांगडीसाठी जुनी प्लास्टिकची किंवा धातूची रुंद बांगडी घेऊन तिच्यावर कापडाची पट्टी गुंडाळायची असते. बांगडी नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठी घ्यावी, कारण कापडाचे थर आतूनही बसतात: हाताला दोन-सहा होत असेल तर दोन-आठ निवडावी. एक सेंटीमीटर रुंदीच्या बांगडीला अडीच सेंटीमीटर रुंदीची, साधारण 60 सेंटीमीटर लांबीची पट्टी लागते. ती कापडाच्या उभ्या धाग्यावर न कापता तिरकी कापावी. तिरकी पट्टी ताणली जाते, वळणावर चुणी पडत नाही आणि कडेचे धागेही कमी सुटतात. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत जावे आणि शेवटचे टोक आतल्या बाजूला दोन टाक्यांनी बसवावे. पळसात रंगवलेल्या मलमलीची एक आणि जुन्या साडीच्या काठाच्या पट्टीची एक अशा बांगड्या जोडीने घातल्या तर एकट्या बांगडीपेक्षा चांगल्या दिसतात.

भंडाऱ्याकडच्या टसरची, करवती काठाची एखादी जीर्ण साडी घरात असेल तर तिला कात्री लावण्याआधी मात्र थांबावे. अशा साडीचे अंग विरले तरी काठ बहुतेक वेळा शाबूत असतो आणि तो काढून साध्या टसरवर किंवा सुती साडीवर पुन्हा लावून घेता येतो. काठही जागोजागी फाटलेला असेल तरच त्याचे दागिने करावेत. करवतीच्या दात्यांची नक्षी बारीक असल्याने ती चकतीत कापली जाऊन नष्ट होते; सरळ पट्टीच्या स्वरूपात, म्हणजे गळ्यातल्या पट्ट्यासाठी किंवा बटव्याच्या तोंडाशी ती शोभते.

केसांच्या स्क्रंचीला फारशी अक्कल लागत नाही: 10 सेंटीमीटर रुंद आणि 55 सेंटीमीटर लांब पट्टी उलटी शिवून, सुलट करून, आत 20 सेंटीमीटरचे इलॅस्टिक ओवले की ती तयार होते.

पावसाळा, पोळा, दसरा

जूनच्या मध्यानंतर कापडी दागिने हवाबंद डब्यात, सुकलेल्या कडुलिंबाच्या पानांसोबत ठेवावेत. ओलसर राहिलेल्या कापडावर बुरशीचे ठिपके चार दिवसांत धरतात. या दिवसांत रोजच्या वापराला लवकर वाळणारे मिश्र कापड खुशाल घालावे, सुताचा हट्ट इथे धरू नये. सलवारीच्या किंवा पँटच्या कडेवर काळ्या मातीचे शिंतोडे उडाले तर ओल्यावर चोळू नयेत. माती पूर्ण वाळू द्यावी, ब्रशने झटकावी आणि मग थंड पाण्यात धुवावे. ओली काळी माती चोळली की धाग्यात शिरते.

श्रावणापासून महालक्ष्म्यांपर्यंत हातांवर मेंदी चढते. मेंदीच्या पानाचा स्वतःचा रंग नारिंगी ते तपकिरी असतो; अर्ध्या तासात काळीभोर रंगते असा दावा करणाऱ्या कोनात बहुधा केस रंगवण्याचे रसायन मिसळलेले असते आणि त्याने फोड येऊ शकतात. अशा कोनापेक्षा साधी मेंदीपूड मलमलीतून चाळून घरी भिजवणे स्वस्त आणि निर्धोक पडते.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या घरांत पांढरी साडी किंवा पांढरा कुर्ता-पायजमा लागतोच. हे कापड पोळ्याच्या सुमारास घेऊन ठेवावे, कारण त्यानंतर शिंपी नवरात्राच्या आणि दिवाळीच्या कामात बुडालेले असतात. बोअरच्या जड पाण्यात पांढरे कपडे हळूहळू पिवळट पडतात. शेवटचे खंगाळणे नळाच्या पाण्यात करावे आणि नीळ बादलीत आधी पूर्ण विरघळवूनच कपडा बुडवावा, नाही तर निळे ठिपके उमटतात.

थंडी, संत्री आणि ओठ

नागपूरची थंडी पहाटे बोचते आणि दुपारी नाहीशी होते, म्हणून इथे एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर अधिक कामाचे असतात. तिबेटी विक्रेत्यांची लोकरीची दुकाने लागतात तेव्हा भावाची घाई करू नये; हंगाम उतरताना जानेवारीच्या शेवटी तेच कपडे पुढच्या वर्षासाठी घेणे शहाणपणाचे आहे. लहान मुलांचे माप वाढते, तेवढा अपवाद सोडावा.

ऑक्टोबरपासून आंबिया बहाराची संत्री घरोघरी येतात आणि सालींचा ढीग होतो. साली कोमट पाण्यात चोळून धुवाव्यात, आतील पांढरा भाग चमच्याने खरवडावा आणि तुकडे सावलीत कडक होईपर्यंत वाळवावेत. मग दळून, मलमलीच्या तुकड्यातून चाळून काचेच्या कोरड्या बरणीत भरावेत. एक चमचा पूड, एक चमचा बेसन आणि मिळून येण्यापुरती साय असा लेप आठवड्यातून एकदा, रात्री, दहा मिनिटे पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस वाट पाहावी. सालीतील तेल काही त्वचांना झोंबते. या लेपाने त्वचा मऊ होते आणि सुगंध येतो. रंग उजळतो असे जे सांगितले जाते त्यावर वेळ आणि दूध खर्च करू नये.

ओठांचे मलम मात्र घरीच करावे. मेण म्हणजे मधमाश्यांचे शुद्ध मेण घ्यावे, मेणबत्तीचे नव्हे. एक भाग मेण किसून तीन भाग खोबरेल तेलात घालावे आणि ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावी. थेट आचेवर ठेवू नये. एक थेंब थंड ताटलीवर टाकून पाहावा: बोटाने सहज पसरला तर प्रमाण बरोबर, फार घट्ट वाटला तर थोडे तेल वाढवावे. हे प्रमाण थंडीचे आहे. खोबरेल तेल 24-25 अंशांवरच पातळ होते, त्यामुळे होळीनंतर तीच कृती दोन भाग तेलाने करावी, आणि मेमध्ये ती डबी गाडीच्या डिक्कीत ठेवू नये, कारण तिथल्या उन्हाच्या तापात मेणही मऊ पडते आणि झाकण सैल असेल तर तेल पर्समधल्या कागदांवर उतरते.